फौजेतून सुटलेली गाडी

नुकताच तोडलेला साग पाण्यात टाकला तर बहुतेक वेळा बुडतो. म्हणून ब्रह्मदेशात झाड पाडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि वरचं लाकूड गोलाकार कापून ते उभ्याउभ्याच वाळवायची रीत होती. झाड हलकं झालं की मग ते पाडून ओंडके नदीत सोडत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतही सगळ्या वाहतुकीचं गणित या वजनाभोवतीच फिरत आलं आहे. ओल्या सागाचा एक घनमीटर जवळपास एक टन भरतो. असे चार-पाच ओंडके आडरानातून डेपोवर आणायचे तर वाटेत काळी माती, दगडगोट्यांचे नाले, पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या. बैलांनी हे काम केलं, हत्तींनी केलं. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरचा हत्तीकॅम्प आज पर्यटकांसाठी ओळखला जातो, पण तिथल्या हत्तींचं मूळ काम लाकूड ओढण्याचंच होतं. हत्ती ओंडका तोडीच्या जागेवरून वाटेला आणतो. तिथून पुढचा लांबचा पल्ला मात्र गाडीशिवाय सरत नाही.

या भागात मार्कंडा नावाची दोन ठिकाणं लोकांच्या तोंडी असतात. एक चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडादेव, वैनगंगेच्या काठचा कोरीव मंदिरांचा समूह, जिथे महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. दुसरं मार्कंडा कंसोबा, ज्याच्या नावानं आलापल्ली वनविभागात वनपरिक्षेत्र आहे. पहिल्या ठिकाणाहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते. त्या संगमाच्या पूर्वेला आणि दक्षिणेला आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड असा जंगलाचा पट्टा पसरलेला आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, पण लाकडाची वाट अजून जुनीच आहे. आलापल्लीचा साग बल्लारशाच्या डेपोवर येतो आणि तिथून देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारशाहून जे सागवान वाजतगाजत निघालं, ते याच वाटेनं.

अशा मुलखात साधा ट्रक अर्ध्या वाटेत हात टेकतो. मागच्या दोनच चाकांना जोर असलेली गाडी ओल्या काळ्या मातीत शिरली, की चाकं जागच्या जागी फिरतात, खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. चारही किंवा सहाही चाकांना जोर पोचवणारी, पोटाखाली भरपूर जागा असलेली, पुढेमागे जाड हूक लावलेली गाडी इथे हवी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी गाडी भारतात कोणी नागरी ग्राहकासाठी बनवत नव्हतं. ती मिळण्याची एकच जागा होती, ती म्हणजे लष्कराने विकायला काढलेला माल. वाहनांच्या धंद्यातली जुनी माणसं त्याला अजून ‘डिस्पोजल’ म्हणतात.

युद्ध संपलं, गाड्या उरल्या

दुसऱ्या महायुद्धात भारत हा आग्नेय आशियातल्या लढाईचा तळ होता. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून गाड्या जोडत होता, फोर्डही याच धंद्यात होती. मध्य प्रांतात छिंदवाड्याला १४ वी भारतीय डिव्हिजन १९४३ पासून सैनिकांना जंगलयुद्धाचं शिक्षण देत होती. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेश पार करून चीनकडे जाणारा रस्ता १९४५ च्या जानेवारीत खुला झाला आणि पहिला ताफा ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. या सगळ्यासाठी समुद्रमार्गे ट्रक येत होते, तेही अफाट संख्येनं.

त्यांत तीन घराणी ठळक होती. अमेरिकेची अडीच टनी ‘जीएमसी’, सहा चाकांना जोर देणारी, जिच्या साडेपाच लाखांहून अधिक गाड्या १९४१ ते १९४५ या काळात बनल्या. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले या दोन कारखान्यांनी लष्करी नमुन्याप्रमाणे काढलेले, चपट्या नाकाचे सुमारे चार लाख ट्रक. आणि सगळ्यांच्या ओळखीची विलीज जीप, जी फोर्डनेही त्याच नमुन्यावर बनवली, दोघांची मिळून सहा लाखांच्या वर. कॅनडाच्या याच चॅसीवर जमशेदपूरला चिलखती सांगाडा चढवून हजारो गाड्या तयार झाल्या, त्यांना सैनिक ‘टाटानगर’ म्हणत.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा या गाड्यांचे ताफेच्या ताफे मैदानांत उभे राहिले. परत नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भारी. सरकारने विल्हेवाटीसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि गाड्या, टायर, इंजिनं, तंबू, तारा लिलावात निघाल्या. देशाला ट्रकची गरज होतीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पहिली गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये बाहेर पडली, टेल्कोचा मर्सिडीज-बेंझबरोबरचा ट्रक १९५४ मध्ये आला. मधल्या वर्षांत ज्याला चढावर, चिखलात, जंगलात माल न्यायचा होता, त्याने युद्धाचा ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर लाकडी हौदा बांधला. यांगोनमध्ये कॅनडाच्या याच चॅसीवर बांधलेल्या बस कित्येक दशकं शहरभर धावल्या. केरळच्या लाकूड वखारींत असे ट्रक ओंडके उचलायच्या यारीसारखे राबले.

स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराने स्वतःच्या गाड्या करायला घेतल्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला. पुढे १९६९ मध्ये तिथेच स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निसानच्या परवान्यावर एक टनी ट्रक आणि ‘जोंगा’ ही जीपसारखी गाडी आली. दोन्हींत तेच सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. नंतर अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटाचे ट्रक आले, तसे शक्तिमान आणि निसान हळूहळू फौजेतून बाहेर पडले. आज लष्करी लिलावातली जुनी गाडी म्हटलं की बहुतेकदा हीच नावं ऐकू येतात. महायुद्धातली गाडी क्वचित सापडते, ती बहुधा एखाद्या बंद पडलेल्या सॉ मिलच्या मागे, साचलेल्या पालापाचोळ्यात.

दुरुस्तीसाठीच बनवलेली

लष्करी ट्रक मजबूत असतो हे सगळे सांगतात. पण त्याचा खरा गुण दुसराच आहे. आखणी करताना गृहीत धरलेलं असतं की तो रणांगणावर मोडणारच, आणि तो दुरुस्त करणारा माणूस पावसात, अंधारात, थोड्या हत्यारांनिशी काम करणार. म्हणून बोल्ट मोजक्या मापांचे, भाग एकमेकांच्या जागी बसणारे, झडपा आणि पंप हाताला लागतील अशा ठिकाणी. जीएमसीच्या दुरुस्तीची अमेरिकी लष्कराची पुस्तिका, टीएम ९-८०१, यासाठी वाचण्यासारखी आहे. ड्रायव्हरने स्वतः काय करायचं आणि वर्कशॉपवर काय सोपवायचं याची वाटणी तिच्यात आहे, कुठल्या निपलला किती अंतरानं ग्रीस द्यायचं याचा तक्तासुद्धा.

भारतातही हीच शिस्त रुजली. लष्कराच्या गाड्या-यंत्रांची दुरुस्ती करणारं ईएमई दल १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालं, आणि दुरुस्तीची उतरंड ठरली. छोटं काम युनिटपाशी, मधलं फील्ड वर्कशॉपमध्ये, आणि गाडी पूर्ण उकलून पुन्हा बांधायची असेल तर बेस वर्कशॉपमध्ये. पुण्याजवळ खडकीची ५१२ आर्मी बेस वर्कशॉप ही त्यांतली एक. तीस वर्षं फौजेत काढलेला ट्रक लिलावात येतो तेव्हा तो एकदा तरी असा उकलून बांधला गेलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिनवर वेगळा क्रमांक, डॅशबोर्डवर ओव्हरहॉलची छोटी पट्टी, अशा खुणा मिस्त्रीने आधी शोधाव्यात.

दुर्लक्ष केलं तर हीच गाडी किती लवकर संपते, याचं उदाहरण युरोपात सापडतं. फ्रान्समध्ये १९४४ साली २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाने अमेरिकी ट्रकांची रांग रात्रंदिवस आघाडीकडे सामान नेत होती. ऐन भरात सुमारे सहा हजार गाड्या रस्त्यावर होत्या, चालवणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक. क्षमतेच्या दुप्पट माल, थांबून तेल बघायला फुरसत नाही, टायरांचा चुराडा. आघाडीला इंधन मिळालं, पण गाड्यांचे ढीग वर्कशॉपच्या दारात साचले. जंगलातल्या ठेकेदारीतही असंच घडत आलं. ट्रक मोडेपर्यंत हाणायचा, मोडला की बाजूला ढकलायचा. आज सापडणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या अशा बाजूला ढकललेल्याच असतात.

आधी कागद

गाडी दिसली की लोक थेट साखळी घेऊन पोचतात. त्याआधी ती कोणाची हे ठरायला हवं. जंगल भागात वनपरिक्षेत्र कार्यालयांच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या असतात. अवैध लाकूड नेताना सापडलेलं वाहन भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली जप्त होतं आणि महाराष्ट्रात ते सरकारजमा करण्याची वेगळी तरतूद आहे. अशा गाडीचा एक नटसुद्धा परवानगीशिवाय काढता येत नाही. सॉ मिलच्या मागची गाडी कुणाच्या वारसाहक्काच्या वादात अडकलेली असू शकते.

लष्कराकडून गाडी घ्यायची तर आता बहुतेक व्यवहार एमएसटीसी या १९६४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून होतात. अनामत भरायची, बोली लावायची, ठरल्या मुदतीत माल उचलायचा. यादीत गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी विकली जाते आहे की भंगार म्हणून, हे नीट वाचावं. भंगार म्हणून घेतलेल्या गाडीची पुढे नोंदणी होत नाही. फौजेत असताना गाडीची नोंद लष्कराकडेच असते, आरटीओकडे नसते. खरेदीदाराने केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नमुना २१ मधलं, लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं विक्री प्रमाणपत्र जोडून नव्याने नोंदणी करायची असते. हा एक कागद हरवला तर चालू इंजिनाची गाडीही अंगणातली शोभा होऊन राहते.

रंगाचाही नियम आहे. ऑलिव्ह ग्रीन रंग नागरी वाहनाला देता येत नाही, तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. फौजेची हुबेहूब गाडी करायच्या हौसेत अनेक जण इथेच अडकतात.

आणि जपणुकीच्या बाबतीत एक मोठी फट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ रूपात असावी, तिचा धंद्यासाठी वापर नसावा, ती प्रदर्शन, संशोधन किंवा व्हिंटेज मेळाव्यांसाठीच रस्त्यावर यावी. पण ही सोय दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वर्गापुरती आहे. विलीज जीपला त्यात जागा मिळू शकते. मालवाहू वर्गातल्या जीएमसी किंवा शक्तिमानला मिळत नाही. ज्या गाड्यांनी या देशाचं सामान वाहिलं, त्याच जपणुकीच्या यादीबाहेर राहिल्या.

चिखलातून काढताना

गाडी ओढून काढणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि अपघात बहुतेक इथेच होतात. लष्करी पुस्तिकांमध्ये त्याचा साधा हिशेब दिलेला असतो. गाडी चाकांच्या उंचीपर्यंत रुतली असेल तर तिला हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतली तर वजनाच्या दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. रिकामी जीएमसी सुमारे चार टनांची. म्हणजे मडगार्डपर्यंत बसलेल्या गाडीला आठ टनांचा ओढ हवा. गावातल्या ट्रॅक्टरला साखळी बांधून झटके मारले तर ओढ मिळत नाही, साखळी तुटते किंवा पन्नास वर्षं गंजलेला हूक उपटून येतो, आणि तो गोळीसारखा उडतो.

म्हणून आधी फावडं. चाकांच्या पुढची माती उतरती खणायची, पोटाखालची मोकळी करायची, चाकांखाली बल्ल्या आडव्या टाकायच्या. मग विंच. दोराच्या मध्ये एक फिरती पुली घातली, की त्याच विंचचा ओढ जवळपास दुप्पट होतो, वेग अर्धा होतो. जंगलात हे फायद्याचंच असतं, कारण हळू आलेली गाडी वाचते. दोर झाडाला बांधायचा तर रुंद पट्टा वापरायचा, नाहीतर साल सोलली जाऊन झाड मरतं. आसपास झाड नसेल तर जाड ओंडका जमिनीत आडवा पुरून त्याला दोर अडकवायचा. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि पुलीच्या कोनाच्या आत कोणीही उभं राहायचं नाही. दोराच्या मध्यावर ओली गोणपाटं टाकली तर तुटलाच तर त्याचा फटका थोडा मंदावतो.

त्याआधी आणखी दोन गोष्टी. केबिनमध्ये, सीटखाली, बॅटरीच्या खोक्यात काठी घालून बघायचं, कारण या भागात नाग, घोणस, मण्यार तिथे मजेत राहतात. आणि टायरांना हात लावण्याआधी रिम बघायची. जुन्या लष्करी रिम दोन तुकड्यांच्या किंवा वेगळी लॉक-रिंग असलेल्या असतात. गंजलेल्या रिमच्या टायरमध्ये हवा भरली आणि रिंग सुटली तर समोरचा माणूस जागच्या जागी मरू शकतो. अशा टायरची हवा व्हॉल्व्ह काढून पूर्ण सोडायची, आणि पुन्हा भरायची वेळ येईल तेव्हा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने.

चाक फिरत नसेल तर बहुतेक वेळा ब्रेकचे शू गंजून ड्रमला चिकटलेले असतात. शूंचा ॲडजस्टर मागे घ्यायचा, ड्रमच्या कडेवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्याने चारही बाजूंनी ठोकायचं, आणि आत भरलेला गंज झडू द्यायचा. ओढून घसटत नेलं तर सगळा भार धुऱ्यावर जातो आणि जे भाग धड होते तेही मोडतात.

इंजिन सगळ्यात शेवटी

गाडी शेडमध्ये आली की सगळ्यांची नजर इंजिनाकडे वळते. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारून बघण्याचा मोह प्रचंड असतो. जाणकार मिस्त्री हा मोह टाळतो. पहिली तपासणी इंजिनच्या ऑइल संपच्या खालच्या प्लगची. बोल्ट पूर्ण न काढता थोडासा सैल करायचा आणि खाली पांढरं भांडं धरायचं. वर्षानुवर्षं साचलेलं पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी असतं, म्हणून आधी पाण्याचे थेंब येतात आणि मग काळं तेल. पाणी जास्त असेल तर हेड गॅस्केट गेली असण्याची किंवा ब्लॉकला चीर असण्याची शंका बोल्ट सैल करताच येते. तेल दुधाळ असेल तर पाणी इंजिन चालू असतानाच मिसळलं होतं. एका प्लगमधून गाडीचा अर्धा इतिहास कळतो.

नंतर इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण ओतायचं आणि थांबायचं. काही दिवसांनी क्रॅंकच्या नटवर लांब पाना लावून हलक्या हाताने, पुढे आणि मागे, डुलवायचं. अचानक जोर लावला तर चिकटलेली पिस्टन रिंग तुटते. बोटभर हललं, की दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरलं तरच स्टार्टरचा विचार.

त्याआधी ब्रेक. हा क्रम कधीही उलटा करू नये. हवेच्या ब्रेकच्या टाक्या गंजून आतून पातळ झालेल्या असतात, हायड्रॉलिक ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये पाणी शिरून खड्डे पडलेले असतात. रबरी होस बाहेरून धड दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात. हे सगळं नवं घालायचं, आणि गाडी उतारावर थांबते हे जॅकवर नव्हे तर जमिनीवर तपासायचं. मग पाणी, म्हणजे रेडिएटर आणि होस. मग इंधन. डिझेलच्या टाकीतला चिकट साका धुवायचा, पंप जाणकाराकडे पाठवायचा, नंतर नळीतली हवा काढायची. शेवटी वीज. युद्धकाळातल्या अमेरिकी गाड्या सहा व्होल्टच्या, नंतरच्या लष्करी ट्रकांत चोवीस व्होल्ट. हे न बघता लावलेली बॅटरी वायरिंगचा धूर करते.

भाग उकलताना हौशी माणसाचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो क्रम विसरल्याने. पुरातत्त्व खातं दगडी मंदिर उतरवून पुन्हा रचतं तेव्हा प्रत्येक दगडावर क्रमांक घालतं आणि आराखड्यावर त्याची जागा नोंदवतं. मार्कंडादेवच्या मुख्य मंदिराचं काम बघताना लोकांना हे प्रत्यक्ष दिसलं आहे. ट्रकलाही तसंच हवं. बोल्टांच्या डब्यांवर लेबल, वायरच्या टोकांवर चिकटपट्टी, प्रत्येक टप्प्याचा फोटो. गिअरबॉक्सच्या पातळ शिम पुन्हा त्याच जागी बसल्या नाहीत तर पहिल्याच चढावर गिअर ओरडू लागतात.

धुरे, पाणी आणि सुटे भाग

जंगलातल्या गाडीचं खरं दुखणं बहुतेकदा धुऱ्यांत असतं. नाल्यातून जाताना गरम झालेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तेल दुधासारखं होतं आणि काही महिन्यांत बेअरिंग संपतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटतं. अशा मुलखात राबलेल्या प्रत्येक गाडीच्या डिफचा प्लग उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. तेल दुधाळ निघालं तर पूर्ण उकलायचं. पुढच्या धुऱ्याचे जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि कमानींच्या पिना यांची झीज हाताने हलवून कळते. ट्रान्सफर केसचा ‘लो’ गिअर लागतो आणि सुटतो की नाही, हे गाडी हलायला लागल्यावर पहिल्यांदा बघावं. पुढचा धुरा जोडून कोरड्या डांबरावर चालवायचं नाही. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, सुटायला जागा नसल्याने ताण सगळा गिअरांवर येतो.

सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. जीएमसी आणि जीपचे भाग युरोप-अमेरिकेतले संग्राहक अजून बनवून घेतात. शक्तिमान आणि निसानसाठी जबलपूरकडे आणि जुन्या मालाच्या बाजारांकडे, जसं पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, फिरावं लागतं. न मिळणारा भाग बनवून घ्यायचा. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने यांच्यामुळे चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारशा या पट्ट्यात लेथवर बुश आणि शाफ्ट घडवणारे, जाड लोखंडाला वेल्डिंग करणारे हात तयार झालेले आहेत. खाणीतल्या डंपरचं काम करणाऱ्या माणसाला शक्तिमानचा धुरा अवघड वाटत नाही.

इंजिन बदलण्याचा मोह मोठा असतो, कारण निसानचं पेट्रोल इंजिन पेट्रोल भरपूर पितं. डिझेल इंजिन बसवणारे पुष्कळ आहेत. रोज राबवायची गाडी असेल तर ते समजण्यासारखं आहे, मात्र हा बदल आरसीवर नोंदवावाच लागतो. आणि मूळ इंजिन भंगारात देऊ नये. तेल चोळून, तोंडं बंद करून शेडच्या कोपऱ्यात ठेवावं. पुढच्या पिढीतल्या कुणाला गाडी मूळ रूपात आणायची असेल तर त्याच्याकडे सुरुवात तरी असेल.

महाराष्ट्रात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि शाळकरी मुलं तिथे रांगा लावतात. सामान वाहणाऱ्या ट्रकांच्या वाट्याला असं कौतुक फार थोडं आलं. चंद्रपूर-गडचिरोलीत सागाचे, बांबूचे डेपो आहेत, महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ पासून इथे काम करतं आहे, आलापल्लीजवळचं जुन्या सागवृक्षांचं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरलं आहे. जंगल जपायची सवय या जिल्ह्याला आहे. त्या जंगलातून माल वाहणाऱ्या गाड्यांपैकी एखादी बल्लारशाच्या डेपोत चालू स्थितीत उभी राहिली आणि आयटीआयच्या मुलांना तिच्यावर हात बसवता आला, तर त्यांना संगणकाशिवाय बिघाड ओळखण्याचं शिक्षण मिळेल, जे आजच्या गाड्यांवर मिळत नाही.

यासाठी फार पैसे लागत नाहीत. व्हिंटेज नोंदणीत मालवाहू वर्ग घालायला एक अधिसूचना पुरे. तोवर वन खातं आणि महामंडळ एवढं करू शकतात, की जुन्या गाड्या भंगारात काढण्याआधी त्यांची पाहणी व्हावी. लष्करी गाडी ओळखणं सोपं असतं. तिच्या क्रमांकाच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो आणि त्याच्यानंतरचे दोन आकडे ती फौजेत दाखल झाल्याचं साल सांगतात. डेपोच्या पुढच्या लिलावाच्या यादीत वजनाच्या रकान्याशेजारी त्या दोन आकड्यांसाठी एक रकाना घालायला हवा.